मत प्रेक्षकाचे, जबाबदारीही प्रेक्षकाचीच

शुक्रवारी नवा चित्रपट झळकतो आणि रविवारची रात्र उलटण्यापूर्वी त्याच्या भवितव्याचा निकाल बहुधा लागलेला असतो. हा निकाल वृत्तपत्रातील समीक्षक देत नाही, पुरस्कार समितीही देत नाही. तो लागतो लोकलच्या डब्यात, कचेरीच्या मधल्या सुट्टीत, सोसायटीच्या आवारात आणि घरोघरच्या जेवणाच्या वेळी. ‘वेळ बरा गेला’, ‘मध्यंतरापर्यंत ठीक, पुढे सगळा आनंद’, ‘मुलांना नेऊ नका’, ‘आईला मात्र जरूर दाखवा’ अशा चार-चार शब्दांच्या अभिप्रायांवर निर्मात्याचे भांडवल आणि कलावंत-तंत्रज्ञांचे वर्षावर्षांचे श्रम तोलले जातात. क्रिकेट, राजकारण आणि चित्रपट या तीन विषयांवर ज्याचे मत नाही, असा मराठी माणूस सापडणे कठीण.

चित्रपट पाहून आल्यावर त्याविषयी बोलावेसे वाटणे ही स्वाभाविक ऊर्मी आहे. किंबहुना बोलल्याखेरीज चित्रपट पाहणे पुरे होत नाही, असे म्हटले तरी वावगे ठरू नये. परंतु अलीकडे या बोलण्याचे स्वरूप पालटले आहे. मत आधी ठरते आणि चित्रपट नंतर पाहिला जातो. पुष्कळदा तर पाहिलाही जात नाही. नट कोणत्या गोटातला, दिग्दर्शक काय बोलला होता, विषय ‘आपला’ की ‘त्यांचा’, एवढी चौकशी झाली की अभिप्राय तयार! मराठी समाजाला चित्रपट पाहण्याची आणि त्यावर वाद घालण्याची शतकाहून जुनी परंपरा आहे. त्या परंपरेच्या उजेडात या नव्या सवयीचा विचार होणे अगत्याचे आहे.

घरी सांगितलेली गोष्ट

भारतीय चित्रपटाचा इतिहास दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून सुरू होतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु निर्माते होण्यापूर्वी दादासाहेब प्रेक्षक होते, याचा सहसा विसर पडतो. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये त्यांनी हलती चित्रे पाहिली. घरी येऊन त्यांनी पाहिलेले सांगितले, तेव्हा घरच्यांचा विश्वास बसेना, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. मग ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र चालू होते आणि दादासाहेबांच्या मनात राम-कृष्णांच्या कथा उभ्या राहत होत्या. आपल्या देशातील लोकांना आपल्या कथा पडद्यावर कधी पाहायला मिळणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

पुढची हकिकत सर्वज्ञात आहे. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. १९१२ मध्ये इंग्लंडला जाऊन दादासाहेब यंत्रसामग्री घेऊन आले. सरस्वतीबाईंनी स्वयंपाकघर सांभाळत फिल्म धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारा साळुंके नावाचा तरुण तारामती झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात हा चित्रपट लोकांसमोर आला. सुरतेत मात्र पहिल्या खेळाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले, अशी आठवण सांगितली जाते. तासन्‌तास चालणारे नाटक सोडून लोक तेवढ्याच पैशांत तासा-दीड तासाचे मूक चित्र पाहायला का येतील? दादासाहेबांनी जाहिरात बदलली आणि चित्रांची संख्या व फितीची लांबी सांगून कुतूहल जागे केले. जे आले त्यांनी इतरांना सांगितले आणि गर्दी वाढली.

या साऱ्या प्रसंगात मनावर ठसण्यासारखी एक गोष्ट आहे. दादासाहेबांनी जे पाहिले तो विषय त्यांचा नव्हता, श्रद्धा त्यांची नव्हती, देशही त्यांचा नव्हता. तरीही त्यांनी ते बारकाईने पाहिले, त्यातील सामर्थ्य मोकळेपणाने मान्य केले आणि त्यातूनच स्वदेशी चित्रपटाची प्रेरणा घेतली. परक्याच्या कलाकृतीकडे तुच्छतेने पाठ फिरवणारा प्रेक्षक ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण करू शकला नसता.

लोकांनी उचलून धरलेले

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षाहून अधिक काळ तेथे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांवर तोवर चित्रपट निघालेच नव्हते असे नाही. मूकपटांच्या काळात आणि बोलपटाच्या आरंभीही ते निघाले होते. ते आज कोणाच्या स्मरणात नाहीत. विषय तोच, भक्तिभाव तोच. मग दामले-फत्तेलाल यांचाच चित्रपट का टिकला?

याचे उत्तर त्या काळच्या प्रेक्षकाने आपल्या पसंतीने दिले आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा अभिनय करतो आहे असे वाटतच नाही. पण त्याहून मोठी किमया आहे ती गौरीबाईंनी उभ्या केलेल्या जिजाईची. नवरा देवाच्या नादी लागला, घरात दाणा नाही, पोरे उपाशी. म्हणून ती विठोबावरही चिडते. तिचे रागावणे आणि रागामागची माया प्रत्येकाने आपल्या घरात पाहिलेली होती. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग तर पुष्कळांनी तुकोबांचाच मानला. तात्पर्य, संताचे नाव घेतल्याने चित्रपट थोर झाला नाही; चित्रपट उत्तम झाला म्हणून संताचे चरित्र घरोघर पोहोचले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१९७५ हे वर्ष दुसऱ्या एका दृष्टीने बोधप्रद आहे. त्या वर्षी ‘जय संतोषी माँ’ हा अल्प खर्चात काढलेला चित्रपट आला. मोठा नट नाही, मोठी जाहिरात नाही. स्त्रियांनी एकमेकींना सांगितले आणि चित्रपटगृहाबाहेर वहाणा काढून आत जाणाऱ्या भाविकांच्या रांगा लागल्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘शोले’ आला. आरंभी समीक्षकांनी त्याचे स्वागत केले नाही आणि व्यवसायातील जाणकारांनी तो पडला असे ठरवून टाकले. चित्रपटाचा शेवट बदलून नव्याने चित्रित करावा की काय, असाही विचार निर्मात्यांच्या मनात आला होता. परंतु पाहून आलेला माणूस संवाद पाठ म्हणत दुसऱ्याला सांगू लागला, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. पंडितांचे मत चुकले, लोकांचे खरे ठरले. मात्र लोकांना तेवढा अवधी मिळाला होता, हेही तितकेच खरे.

पाहण्याची शाळा

आवडले-नावडले एवढे सांगणे सोपे असते; का आवडले हे सांगायला डोळा तयार व्हावा लागतो. महाराष्ट्रात हा डोळा घडवण्याचे काम फिल्म सोसायट्यांनी केले. १९४७ मध्ये सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कोलकात्यात अशी सोसायटी काढली होती. मुंबईत १९६८ मध्ये दिनकर गांगल, सुधीर नांदगावकर आदी मंडळींनी ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन केले. पुण्यात १९६० मध्ये प्रभातच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. पाठोपाठ १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले आणि पी. के. नायर यांनी जुन्या चित्रफिती हुडकून जतन करण्यात हयात वेचली. सतीश बहादुर यांच्यासारख्या अध्यापकाने चित्रपट कसा पाहावा, हे शिकवण्याचा एक पाठच घालून दिला. पुढे पुण्यात ‘आशय’सारख्या संस्थांनी हे काम चालू ठेवले.

या मंडळींची रीत साधी होती. चित्रपट संपला की दिवे लागत आणि बोलणे सुरू होई. बँकेतला कारकून, शाळेतला शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी एकत्र बसत. कोणी म्हणे संथ आहे, कोणी म्हणे हा संथपणाच त्याचा प्राण आहे. ‘तो शेवटचा प्रसंग पुन्हा आठवून पाहा’ असे कोणीतरी सुचवी आणि चर्चा तावातावाच्या वादावरून पुन्हा पडद्याकडे वळे. मत मांडणाऱ्याला चित्रपटातला प्रसंग पुरावा म्हणून द्यावा लागे. असा पुरावा मागण्याची सवयच आज लोपत चालली आहे.

घाईच्या काळातील मराठी चित्रपट

आज एखादा चित्रपट चांगला असूनही पाहण्यापूर्वीच निघून गेला, ही हळहळ मराठी घरांत वारंवार ऐकू येते. मल्टिप्लेक्सचा हिशेब पहिल्या तीन दिवसांच्या तिकीटविक्रीवर चालतो. मोठा हिंदी चित्रपट त्याच आठवड्यात आला, तर मराठी चित्रपटाच्या वाट्याला सकाळचा अथवा दुपारचा अडनिडा खेळ येतो. २०१५ मध्ये राज्य शासनाने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला संध्याकाळची मुख्य वेळ मिळावी असा आग्रह धरला, तेव्हा देशभर चर्चा झाली. परंतु खेळ मिळाला तरी खुर्च्या भरण्याचे काम कोणताही शासननिर्णय करू शकत नाही. ते काम पाहून आलेल्या माणसाच्या बोलण्यानेच होते. बोलणे पसरायला आठवडा लागतो आणि चित्रपट आठवडाभरच टिकतो, हा मराठी चित्रपटापुढचा खरा पेच आहे.

हा पेच सुटल्याची उदाहरणे आहेत आणि ती सारी प्रेक्षकांनी घडवलेली आहेत. ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाल्यावर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान पुन्हा मराठीकडे यायला अर्धशतक जावे लागले. तो मान २००४ मध्ये संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने मिळवला. कर्करोगाने दृष्टी गमावणार असलेला कोकणातला नातू आणि त्याला जाण्यापूर्वी जग दाखवू पाहणारा आजोबा, एवढीच त्याची कथा. ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून तो निवडला गेला, तेव्हा परदेशातील खर्चासाठी सामान्य माणसांनी, विद्यार्थ्यांनी, संस्थांनी आपापल्या परीने पैसे जमवले. चित्रपट पाहून केवळ मत देऊन न थांबता त्या मताची किंमतही मोजणारा हा प्रेक्षक होता.

२०२३ च्या ३० जूनला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी, त्यांचे रुसवेफुगवे आणि मंगळागौरीची स्पर्धा. घरातील स्त्रियांनी तो पाहिला, मग भिशीतल्या मैत्रिणींना नेले, मग सासूबाईंना आणि नणंदांना. नऊवारी नेसून आलेल्या स्त्रियांचे घोळके चित्रपटगृहांच्या आवारात फुगड्या घालू लागले. चित्रपटाचे उत्पन्न ७० कोटी रुपयांच्या पुढे गेले. ज्यांना व्यवसायाने ‘प्रेक्षक’ म्हणून कधी मोजलेच नव्हते, त्या मध्यमवयीन गृहिणींच्या तोंडच्या शब्दाचे हे सामर्थ्य होते.

‘तुंबाड’ची कथा आणखी निराळी. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट कोकणातल्या पावसात, पडक्या वाड्यात आणि माणसाच्या न संपणाऱ्या हव्यासात घडतो. २०१८ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा त्याला माफकच यश मिळाले. पण पाहिलेल्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही; भेटेल त्याला सांगत राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. सहा वर्षे टिकलेले मत कोणत्याही जाहिरातीने निर्माण करता येत नाही.

श्रद्धा आणि अभिप्राय

येथवरच्या विवेचनाशी कोणाचा फारसा मतभेद होणार नाही. खरी कसोटी पुढे आहे. विषय जिव्हाळ्याचा असला की प्रेक्षक आपले मत प्रामाणिकपणे सांगू शकतो काय?

दिग्पाल लांजेकर यांनी ‘फर्जंद’पासून (२०१८) शिवकालावर चित्रपटांची मालिका आरंभली. ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ हे चित्रपट घरोघरच्या मुलांनी पाहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ हा हिंदी चित्रपट आला. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट पाहताना प्रेक्षक रडले आणि घोषणा देत बाहेर पडले. छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान देशभरातल्या तरुणांपर्यंत पोहोचले, याचे समाधान कोणालाही वाटावे. प्रदर्शनापूर्वी महाराज लेझीम खेळतात अशा दृश्यावर आक्षेप घेतला गेला आणि निर्मात्यांनी ते वगळले. तेथेही लोकांच्या मताची दखल घेतली गेली.

परंतु चित्रपट पाहून डोळ्यांत आलेले पाणी हे बलिदानाला वाहिलेले असते. ते दिग्दर्शनाला दिलेले प्रशस्तिपत्र नसते. ही दोन्ही खाती वेगळी ठेवली पाहिजेत. पटकथा कशी बांधली आहे, येसूबाईंसारख्या कर्तबगार स्त्रीच्या वाट्याला पुरेसा अवकाश आला आहे काय, गोंगाटाने भावना झाकली जाते काय, लढाईखेरीज राजाचा राज्यकारभार दिसतो काय, हे प्रश्न विचारणारा माणूस महाराजांचा अवमान करीत नाही. उलट, महाराजांच्या नावाला साजेसेच काम झाले पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. असे प्रश्न विचारणाऱ्याच्या निष्ठेवरच संशय घेण्याची प्रवृत्ती वाढली, तर सुमार चित्रपट काढून त्यावर थोर नाव डकवण्याचा धंदा तेजीत येईल आणि त्याचा दोष टाळ्या वाजवणाऱ्यांकडेच येईल.

आणखी एक धोका आहे. मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेते खणू लागल्याच्या बातम्या आल्या. पडद्यावर मोगलांचा खजिना पाहिला, म्हणून जमिनीत सोने शोधायला ही मंडळी निघाली होती! हसून सोडून देण्याजोगा हा प्रकार असला, तरी पडदा म्हणजेच इतिहास हा समज त्याच्या मुळाशी आहे. या समजाने स्वतः संभाजी महाराजांचीच फार मोठी हानी केली आहे. एके काळच्या नाटकांनी व चित्रपटांनी त्यांना व्यसनी, रंगेल, उतावळा राजपुत्र म्हणून रंगवले आणि त्या काळच्या प्रेक्षकाने तेही खरे मानले. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे दफ्तरे धुंडाळून १९६० मध्ये महाराजांचे साधार चरित्र सिद्ध केले. डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ त्यानंतर आला. तेव्हा कुठे तो कलंक पुसला गेला. जो प्रेक्षक काल पडद्यावर विसंबून चुकला, त्याने आज पडद्यावर विसंबू नये. ‘छावा’ पाहून आलेल्या घरात बेंद्रे यांचे पुस्तक आले, तर त्या चित्रपटाचे खरे सार्थक झाले असे म्हणता येईल.

अडचणीचा आरसा

जिव्हाळ्याच्या विषयावर डोळे झाकून स्तुती होते, तशी अडचणीच्या विषयाकडे डोळे झाकून पाठ फिरवली जाते. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला. पहिल्या दिग्दर्शकीय कृतीसाठीचा राष्ट्रीय सन्मान त्याने मिळवला. तरीही ‘गावाचे वाईटच का दाखवायचे?’, ‘आता कुठे राहिली आहे जात?’ असे अभिप्राय सुशिक्षित घरांतून ऐकू आले. त्यातील किती जणांनी चित्रपट अखेरपर्यंत पाहिला होता, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

डुकरे धरण्याचे काम वाट्याला आलेल्या कैकाडी कुटुंबातला जब्या हा शाळकरी मुलगा. शाळेजवळच्या मोकळ्या जागेत तो आई-बाप-बहिणींसह डुकरामागे धावतो आहे. भोवती त्याचे वर्गमित्र आणि गावकरी हसत उभे आहेत. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी उभा राहतो. मग सारे कुटुंब स्तब्ध होते. सावज निघून जाते. पोटाचा प्रश्न हातातून निसटत असताना ज्यांना राष्ट्रगीताचा मान राखावासा वाटतो, त्या माणसांचा मान गावाने राखला काय? राष्ट्रभक्तीविषयी शेकडो व्याख्याने ऐकलेल्या माणसालाही या एका प्रसंगापुढे मान खाली घालावी लागते. पुढे ते मेलेले डुक्कर खांद्यावर लादून नेले जाते, तेव्हा मागच्या भिंतीवर समाजसुधारकांची चित्रे रंगवलेली दिसतात. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तो दगड चुकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चित्रपट न पाहणे.

समाज एकसंध व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी तर हा चित्रपट मुलांसह पाहावा आणि नंतर त्यावर बोलावे. दिग्दर्शकाचे सारेच निष्कर्ष मान्य केले पाहिजेत असे मुळीच नाही. गावात जब्याच्या पाठीशी उभा राहणारा एकही सवर्ण का नाही, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. पण तो प्रश्न चित्रपट पाहून विचारावा. दुसऱ्या बाजूलाही हाच दोष आहे. विषय परिवर्तनाचा आहे, म्हणून कच्ची पटकथाही थोर ठरवणारे आणि विषय धार्मिक वा ऐतिहासिक आहे, म्हणून पाहण्यापूर्वीच नाके मुरडणारे समीक्षक कमी नाहीत. दोन्हीकडची ही मंडळी एकमेकांची कट्टर विरोधक असली, तरी चित्रपट न पाहता मत देण्याच्या बाबतीत ती एकाच पंथाची आहेत.

घरात काय करता येईल?

उपाय मोठे नाहीत, पण नेमाने करायला हवेत. चित्रपट पूर्ण पाहिल्याखेरीज मत देऊ नये; अर्धवट पाहिला असेल तर तसे सांगावे. दुसऱ्याचे मत मोबाईलवर आले, म्हणून ते आपलेच असल्यासारखे पुढे ढकलू नये. ‘भिकार’ आणि ‘अप्रतिम’ या दोन शब्दांखेरीज मराठीत पुष्कळ शब्द आहेत; त्यांचा उपयोग करावा. प्रत्येक अभिप्रायाला एका प्रसंगाचा आधार द्यावा. रहस्य असेल तर शेवट फोडू नये, कारण पुढच्या प्रेक्षकाचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार तिकिटाबरोबर मिळत नाही. चोरून काढलेल्या प्रती पाहणाऱ्याने मराठी चित्रपटाच्या दुर्दशेवर अश्रू ढाळू नयेत. मराठी चित्रपट पाहायचाच असेल, तर तो पहिल्या आठवड्यात पाहावा आणि आवडल्यास त्याच दिवशी चार घरी सांगावे.

मुलांच्या बाबतीत विशेष काळजी हवी. चित्रपट संपल्यावर वडीलधाऱ्यांनी आपला निर्णय आधी सुनावला की मुले गप्प होतात. त्याऐवजी ‘तुला कोणता प्रसंग आठवतो?’ असे विचारून पाहावे. मुलांनी टिपलेले बारकावे मोठ्यांना चकित करतात. वडिलांना चित्रपट आवडला आणि मुलीला आवडला नाही, तर घरावर आकाश कोसळत नाही. मतभेद असूनही एका ताटावळीत बसून हसतखेळत वाद घालता येतो, हा संस्कार घरातच व्हावा लागतो. ज्या घरात चित्रपटाविषयीही मोकळेपणाने बोलता येत नाही, तेथे अधिक गंभीर विषयांवर मुले काय बोलणार?

वस्तीतील पाच-सात कुटुंबांनी महिन्यातून एकदा एकत्र येऊन एक चित्रपट पाहावा आणि नंतर चहा घेत तासभर त्यावर बोलावे. आरंभ ‘संत तुकाराम’ने करावा, पुढच्या महिन्यात ‘श्वास’ पाहावा, त्यानंतर धाडस करून ‘फँड्री’ लावावा. खर्च फारसा नाही. दिवाणखाना आणि सतरंजी पुरे. मत बनवण्याचे काम इतरांवर न सोपवणारा प्रेक्षक अशा बैठकींतून घडेल. चांगले चित्रपट कोणी काढत नाही, अशी तक्रार सदैव ऐकू येते. चांगला चित्रपट काढणाऱ्यालाही पलीकडे असा प्रेक्षक बसला असल्याची खात्री लागते, आणि ती खात्री देणे प्रेक्षकाच्याच हातात आहे.